मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्च कसं पाहावं: जोत्यापासून आढ्यापर्यंत

इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं पॅरिश चर्च, म्हणजे गावाचं स्थानिक चर्च, एका दमात बांधून झालं, असं फार क्वचित घडलं. बाराव्या शतकातली भिंत, तेराव्यात ती फोडून काढलेल्या कमानी, चौदाव्यातली खिडकी, पंधराव्यातला मनोरा आणि एकोणिसाव्यातलं छप्पर हे सगळं एकाच इमारतीत शेजारी शेजारी उभं असतं. त्यामुळे आत शिरल्या शिरल्या 'हे टोकदार कमानींचं गॉथिक का गोल कमानींचं नॉर्मन?' असं विचारून फारसं हाती लागत नाही. आधी सांधे शोधायचे. कुठला दगड कुठल्या दगडावर चढलाय, कुठली खिडकी कुठल्या कमानीने कापली गेलीय, हे पाहायचं. कशानंतर काय बांधलं हा क्रम सांध्यांवरून कळतो, आणि शैलीवरून त्या क्रमाला साधारण तारखा लावता येतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे फिरायला जाणाऱ्या कुणालाही तो खिशातल्या फोनवर उघडून चर्चभोवती फिरता येईल.

सोबत छोटी दुर्बीण, टॉर्च आणि चौकटींची वही घ्या. खेड्यातली बरीचशी चर्च दिवसा उघडी असतात. बंद असेल तर किल्ली कुणाकडे मिळेल याची चिठ्ठी बहुधा पोर्चमध्ये लावलेली असते. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा वास्तू पाहायला जाऊ नका. आत ठेवलेलं माहितीपत्रक जरूर घ्या, पण लगेच वाचू नका. आधी स्वतः बघून अंदाज बांधला, तर नंतर त्या पत्रकातली प्रत्येक ओळ मनात पक्की बसते.

दिशा आणि दोन भाग

वेदी पूर्वेला असते, एवढं एक सूत्र धरलं की सगळा आराखडा उलगडतो. पश्चिमेला बहुतेक वेळा मनोरा, मग लोक जमतात तो लांबट भाग, म्हणजे नेव्ह, आणि पूर्व टोकाला वेदीचा भाग, म्हणजे चान्सेल. आपल्या देवळातला सभामंडप आणि गाभारा डोळ्यांसमोर आणला, तर ही विभागणी चटकन लक्षात येते.

या विभागणीमागे पैशाचा हिशेबही होता. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये रीत ठरून गेली होती की नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चान्सेलची जबाबदारी रेक्टरची, म्हणजे गावचा दशमांश कर ज्याला मिळतो त्याची. हा रेक्टर कधी गावातच राहणारा पाद्री असे, तर कधी दूरचा एखादा मठ. गावात पैसा आला की गावकरी नेव्ह उंच करत, नव्या खिडक्या बसवत. मठाला तेवढा उत्साह नसेल, तर चान्सेल जुनी, बुटकी तशीच राही. म्हणून बाहेरून पाहताना दोन छपरांच्या उंचीत मोठा फरक दिसला, तर त्यात गाव आणि रेक्टर या दोघांच्या ऐपतीचा आणि इच्छेचा फरक असू शकतो.

आधी बाहेरून पूर्ण फेरी

आत जायची घाई करू नका. सगळ्यात जास्त पुरावा बाहेर असतो, कारण आतल्या भिंतींवर गिलावा असतो.

पहिल्यांदा कोपरे आणि जोतं पाहा. खिडक्या बदलतात, छपरं बदलतात, पण भिंतीचा कोपरा सहसा कुणी हलवत नाही. कोपऱ्यात एक दगड उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा एक उभा अशी रचना दिसली तर ते काम अँग्लो-सॅक्सन, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांच्या १०६६ च्या विजयाच्या आसपासचं किंवा त्याआधीचं असण्याची दाट शक्यता. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनच्या दहाव्या शतकाअखेरच्या मनोऱ्यावर अशा कोपऱ्यांबरोबर दगडाच्या अरुंद उभ्या पट्ट्या आणि त्रिकोणी माथ्याच्या छोट्या खिडक्या आहेत. डरहॅम परगण्यातल्या एस्कम इथलं चर्च त्याहूनही जुनं, सातव्या शतकातलं. त्याचे मोठमोठे घडीव दगड जवळच्या रोमन किल्ल्यातून उचलून आणलेले आहेत.

मग भिंतीवरून नजर आडवी फिरवा. दगडांचे थर एका उभ्या रेषेत अचानक तुटतात का? तुटत असतील तर ती रेषा म्हणजे जुन्या इमारतीचं टोक, त्यापुढचं काम नंतर जोडलेलं. दगडाचा रंग किंवा आकार बदलतो का? बुजवलेल्या दाराची बाह्यरेषा दिसते का? वहीत चर्चचा साधा आराखडा काढून या सगळ्या जागांवर खुणा करत चला.

आता थोडं मागे सरकून मनोऱ्याची पूर्वेकडची बाजू पाहा, म्हणजे नेव्हच्या छपराला भिडलेली. तिथे दगडात उलट्या 'व्ही'सारखी, सध्याच्या छपरापेक्षा उंच आणि उतरती रेघ दिसली, तर ती जुन्या छपराची खूण. पंधराव्या शतकात अनेक गावांनी उभ्या उताराचं जुनं छप्पर काढलं, भिंती वर चढवल्या, वरच्या बाजूला झरोक्यांची एक रांग बसवली आणि त्यावर कमी उताराचं, शिशाच्या पत्र्याचं छप्पर टाकलं. आतला उजेड त्यामुळे एकदम वाढला. ही एक रेघ सापडली की नेव्हचा निम्मा इतिहास कळला असं मी मानतो.

दक्षिणेच्या भिंतीवर, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, मधोमध एक भोक आणि त्यातून पसरलेल्या रेघा दिसतात का ते शोधा. ही प्रार्थनेच्या वेळा दाखवणारी छोटी सूर्यघटिका. भोकात काडी खोचायची आणि सावली कुठल्या रेघेवर पडते ते पाहायचं. हीच घटिका पोर्चच्या आत, कायमच्या सावलीत सापडली, तर पोर्च भिंतीनंतर बांधला हे नक्की, नाहीतर तो दगड दुसरीकडून आणून तिथे बसवला.

बांधकामाचा दगड स्थानिक असतो आणि त्यावरून प्रदेश ओळखता येतो. नॉरफोक-सफोकमध्ये चांगला बांधीव दगड नाही, म्हणून तिथे गारगोटीच्या भिंती. नॉरफोकमध्ये शंभराहून जास्त गोल मनोरेही आहेत. कॉट्सवोल्डमध्ये मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड.

खिडक्यांवरून काळ: उपयोग आणि धोका

नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर ही शैलींची चार नावं वास्तुविशारद थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये रूढ केली. आजही तीच वापरतात आणि खिडकीवरून ती सगळ्यात सहज ओळखता येतात.

नॉर्मन खिडकी लहान, वरून अर्धगोल. बाहेरून फट वाटावी एवढी अरुंद, पण आतल्या बाजूला भिंत तिरकी कापून रुंद केलेली. काळ ११९० च्या सुमारापर्यंत. त्यानंतर साधारण १२५० पर्यंत अर्ली इंग्लिश: उंच, बारीक, टोकदार, आणि बहुधा तीन किंवा पाच खिडक्या जवळजवळ. दोन-तीन खिडक्यांवर एकच मोठी कमान आली आणि मधली जागा दगडी जाळीने भरू लागली, की आपण डेकोरेटेडकडे वळलो. सुरुवातीला वर्तुळं आणि पाकळ्या, चौदाव्या शतकात मात्र दगड वाहता असल्यासारख्या वळणदार रेषा. कमानीची रेषा आधी बाहेर आणि मग आत वळून टोकाला जाते, ते या काळाचं खास लक्षण. १३५० नंतर पर्पेंडिक्युलर: उभे दगडी दांडे थेट कमानीला जाऊन भिडतात, कमान बसकी होते आणि भिंतीपेक्षा काच जास्त दिसू लागते.

१३४८-४९ च्या प्लेगमुळे पर्पेंडिक्युलर शैली जन्माला आली, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते खरं नाही. ग्लॉस्टरच्या मोठ्या चर्चमध्ये ती १३३० च्या दशकातच दिसते. प्लेगचा परिणाम वेगळ्या प्रकारे दिसतो: गवंडी मेले, पैसा आटला आणि चालू कामं अर्ध्यावर थांबली. पूर्व यॉर्कशरमधलं पॅट्रिंग्टनचं देखणं चर्च जवळजवळ संपूर्ण डेकोरेटेड आहे, पण पूर्वेची मोठी खिडकी पुढच्या शैलीतली आहे.

धोका एकच, पण मोठा. खिडकीवरून भिंतीचं वय ठरवू नका. पैसा आला की गाव सगळ्यात आधी खिडकी बदलत असे. नॉर्मन भिंतीत पंधराव्या शतकातली खिडकी ही अगदी नेहमीची गोष्ट. खिडकीच्या बाजूचे दगड पाहा. भिंतीचे थर तिच्यापाशी नीट जुळत असतील तर दोन्ही एका काळातले. भिंत फोडून, मधल्या फटी लहान तुकड्यांनी भरलेल्या दिसल्या तर खिडकी नंतरची. आणि दगडाच्या कडा फार धारदार, रंग सगळीकडे एकसारखा असेल, तर एकोणिसाव्या शतकात ती नव्याने घडवलेली असण्याची शक्यता जास्त.

दार

गावकऱ्यांचा दारावर जीव असे. लग्नविधीची सुरुवात चर्चच्या दारात होई, बाप्तिस्म्याला आणलेल्या बाळाला पाद्री दारातच सामोरा जाई. त्यामुळे बाकी सगळं पाडलं तरी जुनं कोरीव दार जपून ठेवत. हेरफर्डशरमधल्या किल्पेकचं, ११४० च्या सुमाराचं लालसर दगडातलं दार पाहिलं की ते का जपलं असेल हे सांगावं लागत नाही. गुंतलेल्या वेली, साप, योद्धे, आणि छपराखाली भिंतीभोवती कोरलेल्या प्राण्यांच्या व माणसांच्या डोक्यांची रांग. ऑक्सफर्डजवळच्या इफ्लीला चोचवाल्या डोक्यांच्या आणि नागमोडी नक्षीच्या ओळी आहेत.

इथे एक तर्क लावायचा. चौदाव्या शतकातल्या भिंतीत बाराव्या शतकातलं दार असेल, तर ते दार मूळ नेव्हच्या भिंतीतून सुटं करून बाहेरच्या नव्या भिंतीत बसवलेलं आहे. नव्या भिंतीला जुनं दार लावण्याएवढी त्या लोकांना त्याची किंमत होती.

नेव्हमध्ये: कमानींच्या दोन ओळी

आत आल्यावर थेट पश्चिम टोकाला जा आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. डाव्या आणि उजव्या हाताच्या कमानींच्या ओळी सारख्या आहेत का? बहुतेक चर्चमध्ये नसतात, आणि तिथेच खरी मजा सुरू होते.

मूळचं चर्च म्हणजे एक साधी लांबट खोली. लोकसंख्या वाढली, वेद्या वाढल्या, मिरवणुका निघू लागल्या, तशा बाजूला पडव्या काढल्या. त्यासाठी नेव्हची बाहेरची भिंत सगळी पाडत नसत. तिच्यात कमानी काढत आणि वरचा भाग तसाच ठेवत. म्हणजे कमानींच्या वरची भिंत ही पुष्कळदा चर्चचा सगळ्यात जुना भाग असते. तिथे दुर्बिणीने पाहा. कमानीच्या टोकाने अर्धी कापलेली एखादी छोटी गोल माथ्याची खिडकी सापडली, तर एका नजरेत दोन शतकं क्रमाने लागतात.

खांबांवरून काळ असा लावा. जाड, गोल खांब आणि चौकोनी, खाली गोलसर कापलेला माथा म्हणजे नॉर्मन. माथ्यावर ताठ देठाची, टोकाला वळलेली पानं म्हणजे तेरावं शतक. साधे अष्टकोनी खांब तेराव्यापासून पुढे कित्येक पिढ्या चालले, म्हणून त्यांच्यावरून फार ठाम बोलू नका. उंच, बारीक, माथा जवळजवळ नसलेले खांब म्हणजे पर्पेंडिक्युलर.

हा सगळा खेळ उघड्यावर पाहायचा असेल, तर यॉर्कशरच्या टेकड्यांमधल्या व्हॅरम पर्सीला जा. १५०० च्या सुमारास हे गाव उठलं, शेतं मेंढ्यांची कुरणं झाली आणि आज तिथे एक छप्पर नसलेलं चर्च उभं आहे. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं या गावात उत्खनन झालं. दहाव्या शतकातल्या छोट्या लाकडी चर्चपासून सुरुवात, मग दगडी चर्च, मग ते वाढवलं, बाराव्या शतकाअखेर दक्षिणेची पडवी, पुढे उत्तरेची. आणि मग उलटा प्रवास. माणसं कमी झाली, पडव्या पाडल्या, कमानी दगडांनी बुजवल्या. आज नेव्हच्या भिंतीत त्या कमानी पूर्ण दिसतात आणि त्यांच्यात भरलेल्या भिंतीत खिडक्या बसवलेल्या आहेत. गाव वाढलं आणि खचलं, याची नोंद एका भिंतीवर इतकी स्पष्ट मला दुसरीकडे दिसली नाही. पहिल्यांदा शिकायला व्हॅरमइतकी चांगली जागा नाही.

चान्सेलची कमान आणि कुठेही न जाणारा जिना

नेव्ह आणि चान्सेल यांच्यामधल्या कमानीपाशी थांबा. इथे पूर्वी कोरीव लाकडी जाळी असे, तिच्यावर सज्जा आणि त्यावर क्रूसावरच्या येशूची मोठी मूर्ती, दोन्ही बाजूंना मरिया आणि योहान. सहाव्या एडवर्डच्या प्रोटेस्टंट राजवटीत, १५४७-४८ मध्ये, या मूर्ती उतरवण्यात आल्या. कॅथलिक मेरी राणीच्या काळात काही परत चढल्या. १५६१ मध्ये एलिझाबेथच्या सरकारने सज्जेही काढायचा हुकूम दिला, पण खालची जाळी राहू द्यायला हरकत नव्हती.

म्हणून भिंतीत उंचावर एक छोटं दार दिसलं, ज्यातून पाऊल टाकलं तर सरळ खाली पडाल, तर ते त्या सज्ज्याचं दार. त्याच्या खाली, खांबाच्या मागे किंवा भिंतीच्या जाडीत, दगडी जिना सापडेल. लाकूड गेलं तरी दगडाचा जिना कुणी भरत बसलं नाही. खालची जाळी शाबूत पाहायची असेल तर नॉरफोकमधलं रॅनवर्थ गाठा. तिथले रंगवलेले संत पाहताना मध्ययुगात ही चर्च किती रंगीत होती याचा अंदाज येतो.

कमानीच्या वर अंतिम न्यायाचं चित्र असे. सफोकमधल्या वेनहॅस्टनला ते लाकडी फळ्यांवर होतं आणि त्यावर चुना फासलेला होता. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी फळ्या काढून आवारात टाकल्या. पावसाने चुना धुऊन गेला आणि खालचं चित्र उघडं पडलं.

वेदीजवळ

चान्सेलच्या दक्षिण भिंतीत, वेदीच्या जवळ, तळाला भोक असलेला छोटा दगडी कोनाडा शोधा. याला पिसिना म्हणतात. पवित्र पात्रं धुतलेलं पाणी त्यातून जमिनीत सोडत. शेजारी पाद्र्यांसाठी भिंतीत कोरलेली बहुधा तीन आसनं, सेडिलिया. लिंकनशरमधल्या हेकिंग्टनला ही सगळी मांडणी चौदाव्या शतकातल्या उत्तम कोरीव कामात शिल्लक आहे. उत्तर भिंतीत ईस्टरच्या विधीसाठीची, येशूच्या थडग्याचं प्रतीक असलेली दगडी समाधीही आहे, तिच्या पायाशी झोपलेले शिपाई कोरलेले.

पिसिना फार खाली, जमिनीला टेकलेला दिसला, तर फरशी नंतर वर चढवलेली आहे. आणि पिसिना बाजूच्या पडवीच्या पूर्व टोकाला असेल, तर तिथेही एक वेदी होती. श्रीमंत घराणी मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी रोज प्रार्थना म्हणायला स्वतंत्र पाद्री नेमत. १५४७ च्या कायद्याने ते बंद झालं, वेदी गेली, कोनाडा राहिला.

बाप्तिस्माकुंड, काच, ओरखडे

पश्चिम दाराजवळचं बाप्तिस्माकुंड अनेकदा इमारतीपेक्षाही जुनं असतं, म्हणून त्यावरून चर्चचं वय सांगू नका. काठावर लोखंडी खिट्टीचे अवशेष किंवा भोकं पाहा. १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना कुलूपबंद झाकण लावायला सांगितलं होतं, कारण आतलं मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी नेतील अशी भीती होती.

जुनी रंगीत काच बहुतेक ठिकाणी तुकड्यांतच सापडते. १६४३-४४ मध्ये चर्चमधल्या चित्रमूर्तींना विरोध करणारा प्युरिटन विल्यम डाउझिंग संसदेच्या हुकमाने केंब्रिजशर-सफोकमधून फिरला आणि कुठे किती चित्रं फोडली याची रोजनिशी ठेवत गेला. संपूर्ण संच पाहायचा तर ग्लॉस्टरशरमधलं फेअरफर्ड. १५०० नंतरच्या काही वर्षांतल्या अठ्ठावीस खिडक्या तिथे जागेवर आहेत. ते चर्च जॉन टेम या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधायला घेतलं. लोकरीचा हा पैसा ओळखायला शिका. सफोकमधल्या लॅव्हनमच्या ४३ मीटर उंच मनोऱ्यासाठी कापडव्यापारी थॉमस स्प्रिंग यांनी १५२३ मध्ये मृत्युपत्रात २०० पौंड ठेवले. ग्लॉस्टरशरमधल्या नॉर्थलीचला थडग्यांवर जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर व्यापाऱ्यांच्या पायांखाली मेंढ्या आणि लोकरीची पोती कोरलेली आहेत.

आता टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश टाका. गवंड्यांच्या खुणा, जहाजं, नावं, हाताचे आकार उमटून येतात. हर्टफर्डशरमधल्या अ‍ॅशवेलच्या मनोऱ्यात आत कुणीतरी लॅटिनमध्ये प्लेगबद्दल ओरखडून ठेवलं आहे. दुःखी, रानटी, सैरभैर झालेली उरलीसुरली माणसंच साक्षीला राहिली, असा त्याचा आशय. ते वाचताना हात भिंतीवर ठेवावासा वाटतो, पण ठेवू नका. ओरखडे घासू नका, कागद लावून ठसेही घेऊ नका. पितळी पत्र्यांचे ठसे घ्यायला परवानगी लागते.

एकोणिसावं शतक वेगळं काढणं

शेवटी व्हिक्टोरियन दुरुस्ती बाजूला काढायची. १८४० नंतर हजारो चर्चचा गिलावा खरवडला, बाकं बदलली, चान्सेलला चकचकीत फरशी बसवली. उघड्या दगडी भिंती पाहून ते मध्ययुगीन वाटतं, पण मध्ययुगात त्या गिलावा करून रंगवलेल्या असत. या खरवडण्याविरुद्ध कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ती आजही काम करते. त्याच वर्षी ट्यूक्सबरीच्या मठचर्चवर वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट करत असलेल्या कामामुळे ठिणगी पडली होती.

हेच स्कॉट मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचे आणि राजाबाई टॉवरचे रचनाकार. जुन्या पॅरिश चर्चच्या अभ्यासातून मध्ययुगीन शैलीत नव्या इमारती बांधण्याची चळवळ उभी राहिली आणि ती मुंबईत थेट पोचली. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ मध्ये पवित्र करण्यात आलं. विहार पाणीपुरवठ्याचं काम करणारे अभियंता हेन्री कॉनीबेअर यांनी ते अर्ली इंग्लिश पद्धतीने आखलं. मुंबईत असाल तर इंग्लंडला जाण्याआधी तिथे एक दुपार घालवा. उंच बारीक टोकदार खिडक्या, नेव्ह, पडव्या, चान्सेल हे सगळं तिथे एका काळातलं, न तुटलेलं आहे. सांधे नसलेली इमारत कशी दिसते हे डोळ्यांना एकदा कळलं की सांधे असलेली लगेच वेगळी जाणवते.

आराखडा पुरा करणं

वहीतल्या आराखड्यात प्रत्येक शतकाला एक रंग द्या. ज्याबद्दल खात्री नाही तो भाग कोरा ठेवा. मग माहितीपत्रक उघडा आणि जुन्या वास्तूंची यादी सांभाळणाऱ्या 'हिस्टॉरिक इंग्लंड' या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर त्या चर्चची नोंद शोधा. जुनी बहुतेक चर्च संरक्षित यादीत आहेत आणि नोंदीत भाग-भागाने तारखा दिलेल्या असतात. तुमचं आणि नोंदीचं जिथे जुळत नाही, तिथे परत जाऊन तोच कोपरा बघा. कधी तुमचं चुकलेलं असतं, कधी यादी घाईत केलेली असते.

पुढच्या खेपेला शेजारच्या गावचं चर्च घ्या. दगडही तोच असतो आणि बऱ्याचदा गवंडीही तेच. जिथे आता प्रार्थना होत नाही अशी साडेतीनशेहून जास्त चर्च १९६९ मध्ये स्थापन झालेली 'चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट' सांभाळते. त्यातली अनेक शांत, मोकळी आणि दिवसभर उघडी असतात. निघताना दानपेटीत काहीतरी टाका आणि दार नीट ओढून घ्या. चिमण्या आत अडकतात.